गर्दीचा कौल आणि कारागिरांचा कौल

वर्षाचा शेवट जवळ आला की चित्रपटाचा शौक असलेल्या घरांत एक वाद हमखास रंगतो. ज्या चित्रपटाने जगभरची चित्रपटगृहे भरून टाकली, त्याला ऑस्करच्या नामनिर्देशनाचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘नॉमिनेशन’चा, मान मिळणार की नाही? तरुण मंडळी तिकीटबारीचे आकडे पुढे करतात. वडीलधारी मंडळी ‘गल्ला वेगळा आणि गुण वेगळा’ एवढे बोलून वाद मिटवू पाहतात. आमच्या मते दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. तुफान गर्दी खेचणारे कित्येक चित्रपट नामनिर्देशनांच्या यादीत मानाने बसले आहेत आणि त्यांच्याहून अधिक गल्ला जमविणारे कित्येक दारातच राहिले आहेत. असे का घडते हे ध्यानी घेतले तर अंदाज बांधणे पुष्कळसे सोपे होते. म्हणून या विषयावर चार शब्द वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाविषयी. ‘ब्लॉकबस्टर’ हा शब्द दुसऱ्या महायुद्धातला. एका फटक्यात इमारतींचा अख्खा चौक उद्ध्वस्त करू शकणाऱ्या अजस्र बॉम्बला हे नाव पडले होते. पुढे तिकीटबारी हादरविणाऱ्या चित्रपटाला ते चिकटले. आपल्याकडे अशा चित्रपटासाठी ‘हाउसफुल्ल’ची पाटी आणि रौप्यमहोत्सवाचा आठवडा ही मापे होती. माप कोणतेही असो, ते किती लोकांनी तिकीट काढले एवढेच सांगते. ऑस्करची मतपत्रिका मात्र निराळाच प्रश्न विचारते.

कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत. घाण्यावरून उतरलेल्या तेलाचा कस दुसरा तेली जितका नेमका सांगेल तितका गिऱ्हाईक सांगणार नाही. आणि ते तेल अखेर संपायचे ते गिऱ्हाइकाच्याच घरी. पारितोषिकांच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट आहे. तिकीटबारी हा गिऱ्हाइकाचा कौल. ऑस्कर हा तेल्याने तेल्याला दिलेला कौल. अंदाज करणाऱ्याने हा भेद सतत डोळ्यांपुढे ठेवावा.

मत कोण देतो?

ऑस्कर देणारी अकादमी १९२७ साली स्थापन झाली व तिचा पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी हॉलिवुडच्या रूझवेल्ट हॉटेलात झाला. नट, दिग्दर्शक, छायालेखक, संकलक, संगीतकार, वेषभूषाकार असे चित्रपटधंद्यातले लोक तिचे सभासद असतात आणि आपापल्या कसबानुसार ते निरनिराळ्या शाखांत विभागलेले असतात. नामनिर्देशनाच्या वेळी बहुतेक विभागांत ज्याच्या त्याच्या शाखेनेच निवड करावयाची असते: नटांनी नटांची, दिग्दर्शकांनी दिग्दर्शकांची, संकलकांनी संकलकांची. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामनिर्देशनासाठी तेवढे सर्व शाखांचे सभासद मत देतात.

या व्यवस्थेतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, गर्दीच्या चित्रपटाला ध्वनी, संकलन, दृश्यचमत्कार, कलादिग्दर्शन यांसारख्या विभागांचे दार सहसा उघडे असते. शंभर माणसांचे काम पडद्यावर लखलखीत दिसत असताना त्याच धंद्यातला माणूस ते नाकारीत नाही. दुसरी गोष्ट अशी की, मुख्य पारितोषिकासाठी सभासद आपल्या आवडीचे चित्रपट क्रमवार लिहितात आणि नामनिर्देशनाच्या मोजणीत पहिल्या पसंतीला मोठे वजन असते. एखादा चित्रपट सर्वांनाच बरा वाटला, पण यादीच्या शिरोभागी तो कोणीच लिहिला नाही, तर तो मागे पडतो. ‘छान आहे’ म्हणणारे हजारो असण्यापेक्षा ‘हाच सर्वांत छान’ म्हणणारे काही शे असणे येथे अधिक उपयोगी ठरते.

याच्या अगदी उलट रीत आपण मुंबईत पाहिली. फिल्मफेअर पारितोषिके १९५४ साली सुरू झाली तेव्हा आरंभी वाचकांची मते मागवली जात. म्हणजे तो गिऱ्हाइकाचाच कौल होता. आपल्या समाजाचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांना ‘बूट पॉलिश’मधील जॉन चाचाच्या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर मिळाले आणि पुढे त्याच समारंभांचे त्यांनी केलेले खुमासदार सूत्रसंचालन रसिकांच्या चांगलेच परिचयाचे झाले. लोकांचे प्रेम आणि धंद्यातल्या मंडळींचा आदर या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला मिळू शकतात, हे त्यांच्याकडे पाहून कळत असे.

दोन भव्य चित्रपट, दोन निकाल

मेट्रो, इरॉस, रीगल या मुंबईच्या चित्रपटगृहांत इंग्रजी चित्रपट पाहिलेल्या पिढीला ‘द टेन कमांडमेंट्स’ आणि ‘बेन-हर’ ही नावे नव्याने सांगावयास नकोत. पहिला १९५६ चा, दुसरा १९५९ चा. दोन्ही प्राचीन काळातले, दोन्ही प्रचंड खर्चाचे, दोन्हींचा नायक चार्ल्टन हेस्टन आणि दोन्हींना लोटलेली गर्दी अफाट. तरीही निकाल पाहा. ‘द टेन कमांडमेंट्स’ला सात नामनिर्देशने मिळाली. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे होते, परंतु दिग्दर्शक म्हणून सेसिल बी. डमिल यांचे नाव नव्हते आणि नट म्हणून हेस्टनचेही नव्हते. हाती आले ते एकच पारितोषिक, दृश्यचमत्कारांचे. समुद्र दुभंगला त्याची पावती मिळाली, इतकेच म्हणावयाचे.

‘बेन-हर’ला मात्र बारा नामनिर्देशने आणि त्यांतून अकरा पारितोषिके मिळाली. दिग्दर्शक विल्यम वायलर आणि नायक हेस्टन हे दोघेही विजयी झाले. त्या चित्रपटातली एस्थर म्हणजे आपल्या हैफा शहरात जन्मलेली हाया हरारीत, हेही येथे नमूद करावेसे वाटते. भव्यता दोन्हीकडे होती. ‘बेन-हर’मध्ये रथांच्या शर्यतीइतकेच लक्ष माणसांच्या चेहऱ्यांकडे दिलेले होते आणि म्हणून नटांच्या व दिग्दर्शकांच्या शाखांना त्यात आपले कसब दिसले. गर्दीच्या चित्रपटाबद्दल अंदाज करताना पहिला प्रश्न हाच विचारावा: यातला देखावा काढून घेतला तर मागे माणूस उरतो काय?

१९७१ च्या ‘फिडलर ऑन द रूफ’ने या प्रश्नाला होकारार्थी उत्तर दिले. गाण्यांनी भरलेला, जगभर गर्दी खेचणारा हा चित्रपट. पण त्याच्या मध्यभागी तेव्ह्ये नावाचा एक गरीब दूधवाला बाप उभा होता. चित्रपटाला आठ नामनिर्देशने मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे होते आणि प्रमुख नटाचे, म्हणजे तेल अवीवच्या हायिम टोपोलचेही. पारितोषिके तीन पदरात पडली.

शार्क मासा, अंतराळ आणि महात्मा

उन्हाळ्यात प्रदर्शित होऊन देशभर एकाच वेळी झळकणाऱ्या महाचित्रपटांचा जमाना १९७५ च्या ‘जॉज’पासून सुरू झाला असे मानतात. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार नामनिर्देशने मिळाली. संकलन, संगीत आणि ध्वनी ही तीन पारितोषिके त्याने पटकावली, पण दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गचे नाव यादीत आले नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ला दहा नामनिर्देशने मिळाली आणि सहा विभागांत तो विजयी झाला, मुख्य पारितोषिक मात्र ‘ॲनी हॉल’ या छोटेखानी, संवादप्रधान चित्रपटाकडे गेले.

१९८२ च्या ‘ई. टी.’ने तर तिकीटबारीचे सारे विक्रम मोडले. त्यास नऊ नामनिर्देशने व चार पारितोषिके लाभली. परंतु त्या वर्षीचा मानकरी ठरला रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’. अकरा नामनिर्देशने आणि आठ पारितोषिके! त्या आठांपैकी एक, वेषभूषेचे, जॉन मोलो यांच्यासमवेत भानू अथय्या यांना मिळाले. कोल्हापूरच्या या मराठी कन्येने ११ एप्रिल १९८३ रोजी ते स्वीकारले आणि ऑस्कर जिंकणारी पहिली भारतीय व्यक्ती म्हणून तिचे नाव इतिहासात नोंदले गेले. लक्षात घ्यावे की येथेही शाखेचेच गणित होते. खादी, धोतर आणि साडी यांतून एका देशाचा अर्धशतकाचा प्रवास उभा केला, हे त्या कलेतल्या लोकांनी प्रथम ओळखले.

दार रुंद झाले

१९४४ च्या चित्रपटांपासून २००८ पर्यंत सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पाचच नामनिर्देशने होत असत. २००८ साली ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनच्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. निर्मात्यांच्या, दिग्दर्शकांच्या आणि लेखकांच्या व्यावसायिक संघांनी आपापल्या याद्यांत त्याला स्थान दिले. तरीही अकादमीच्या पाचांत तो बसला नाही. आठ नामनिर्देशने मिळाली आणि दिवंगत हीथ लेजरला सहाय्यक नटाचे पारितोषिकही लाभले, पण मुख्य दार बंदच राहिले. त्यावर बरीच हळहळ व टीका झाली. जून २००९ मध्ये अकादमीने त्या वर्षापासून दहा चित्रपटांना नामनिर्देशन देण्याचे जाहीर केले. पुढे काही वर्षे ही संख्या पाच ते दहा यांमध्ये बदलती ठेवली आणि २०२१ च्या चित्रपटांपासून ती पुन्हा दहावर स्थिर केली.

दार रुंद होताच गर्दीचे चित्रपट आत येऊ लागले: २००९ चा ‘अवतार’, २०१५ चा ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, २०१८ चा ‘ब्लॅक पँथर’, २०२२ चे ‘टॉप गन: मॅव्हरिक’ आणि ‘अवतार’चा दुसरा भाग, २०२४ चे ‘विकेड’ आणि ‘ड्यून’चा दुसरा भाग. ‘ब्लॅक पँथर’ तर मुख्य विभागात नामनिर्देशन मिळविणारा पहिला सुपरहिरो चित्रपट ठरला. त्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, अकादमीने लोकप्रिय चित्रपटांसाठी वेगळे पारितोषिक ठेवण्याचे योजले होते. ही तर लोकप्रियांची वेगळी पंगत बसविण्याची युक्ती, अशी टीका झाली आणि महिन्याभरातच तो बेत बाजूस सारण्यात आला. गोल्डन ग्लोबने मात्र तसे पारितोषिक सुरू केले. जानेवारी २०२४ मध्ये ते प्रथम ‘बार्बी’ला मिळाले.

मुख्य दार रुंद झाले तरी दिग्दर्शकांच्या खुर्च्या पाचच राहिल्या आणि त्या शाखेत मतदारही थोडे. वर सांगितलेल्या चित्रपटांपैकी ‘ब्लॅक पँथर’, ‘टॉप गन: मॅव्हरिक’, ‘विकेड’ आणि ‘ड्यून’चा दुसरा भाग यांच्या दिग्दर्शकांपैकी एकालाही नामनिर्देशन मिळाले नाही. ‘बार्बी’ला आठ नामनिर्देशने लाभली, तरी दिग्दर्शिका ग्रेटा गर्विग आणि नायिका मार्गो रॉबी यांची नावे त्यांच्या मुख्य विभागांत आली नाहीत. गर्विगला पटकथेच्या आणि रॉबीला निर्मितीच्या नात्याने यादीत जागा मिळाली. त्याच दिवशी प्रदर्शित झालेल्या ‘ओपनहायमर’ला तेरा नामनिर्देशने व सात पारितोषिके मिळाली. गल्ला ‘बार्बी’चा मोठा, मान ‘ओपनहायमर’चा मोठा.

२०१९ ची जोडी याहून बोलकी आहे. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ने अडीचशे कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला आणि त्याला मिळाले एकच नामनिर्देशन, दृश्यचमत्कारांचे. ‘जोकर’ने शंभर कोटींचा टप्पा ओलांडला आणि अकरा नामनिर्देशने मिळविली. दोन्ही चित्रकथांच्या पुस्तकांतून निघालेले. पण ‘जोकर’ एका माणसाच्या मनाचे ढासळणे दाखवीत होता आणि नट, लेखक, छायालेखक, संगीतकार या साऱ्यांना त्यात दाद देण्याजोगे काही सापडले.

आपल्या दोन्ही घरांची गोष्ट

हॉलिवुडबाहेरच्या देशांसाठी वेगळा विभाग आहे आणि तेथे एका देशाचा एकच चित्रपट जातो. म्हणून तेथे प्रथम घरचीच परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १५ जून २००१ रोजी भारतात ‘लगान’ आणि ‘गदर’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले. अधिक गल्ला ‘गदर’ने जमविला, ऑस्करसाठी पाठवला गेला आणि अंतिम पाचांत पोहोचला तो आशुतोष गोवारीकर यांचा ‘लगान’. २०२२ च्या ‘आर आर आर’ची कहाणी आणखी निराळी. भारताने तो अधिकृतपणे पाठवलाच नाही. तरीही मुख्य स्पर्धेतून त्याच्या ‘नाटू नाटू’ गाण्याने नामनिर्देशन मिळविले आणि मार्च २०२३ मध्ये पारितोषिकही जिंकले. ज्या चित्रपटाला समोरचे दार मिळत नाही, त्याने बाजूचे दार ठोठावून पाहावे, हा यातला धडा.

इस्रायलचा अनुभव आपल्या अधिक जवळचा आहे. १९६४ चा एफ्राइम किशोन यांचा ‘सालाह शबाती’ हा ऑस्करच्या अंतिम यादीत पोहोचलेला पहिला इस्रायली चित्रपट. मआबरात, म्हणजे नवागतांच्या तात्पुरत्या वस्तीत, येऊन पडलेला मोठ्या कुटुंबाचा एक बाप, पक्क्या घरासाठी त्याची चाललेली धडपड आणि कचेऱ्यांशी त्याने मांडलेला गमतीदार डाव, ही त्याची कथा. समीक्षकांनी नाके मुरडली. लाखो प्रेक्षकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. पुढे त्याला गोल्डन ग्लोबही मिळाला. नव्या देशात उतरलेल्या माणसाचे हसू आणि अपमान दोन्ही ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना त्या नामनिर्देशनाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. देशातल्या शहाण्यांना जी गोष्ट थट्टेची वाटली, तिच्यातले माणूसपण दूरच्या कारागिरांनी ओळखले होते.

१९७१ चा ‘हा-शोतेर अझुलाय’, एंटेबेच्या सुटकेवरील १९७७ चा ‘मिवत्सा योनातान’ हेही जनतेचे लाडके आणि नामनिर्देशनाचे मानकरी. २०११ पर्यंत इस्रायलला या विभागात दहा वेळा नामनिर्देशन मिळाले. पारितोषिक एकदाही मिळाले नाही. ऑस्करला जाणारा इस्रायली चित्रपट साधारणतः ओफीर पारितोषिकावरून ठरतो आणि ते पारितोषिक ज्यांच्या नावाचे, ते शाइके ओफीर म्हणजे ‘अझुलाय’ शिपायाची भूमिका करणारेच नट. नियमांची करामतही येथे पाहण्यासारखी आहे. २००७ साली ओफीर जिंकणारा ‘द बँड्स व्हिजिट’ संवादांत इंग्रजी फार म्हणून अपात्र ठरला. त्याच्या जागी ‘बोफोर’ गेला आणि नामनिर्देशन मिळवून आला. चित्रपट कितीही लाडका असो, नियमाची चौकट पाहिल्याशिवाय पैज लावू नये.

अंदाज कसा बांधावा

पुढच्या हंगामात घरी हा वाद निघाला तर वाचकांनी पुढील प्रश्न क्रमाने विचारून पाहावेत. या चित्रपटातील कोणत्या कसबाबद्दल त्या कसबातले लोक ग्वाही देतील? त्यात एखादी भूमिका अशी आहे काय, की जिच्यासाठी नटांची शाखा पुढे येईल? नटांची शाखा अकादमीत सर्वांत मोठी, हे विसरू नये. डिसेंबरात संगीत, ध्वनी, दृश्यचमत्कार इत्यादी विभागांच्या पहिल्या निवडयाद्या जाहीर होतात. त्यांत चित्रपटाचे नाव किती वेळा येते? निर्मात्यांच्या संघाने आपल्या दहांत त्याला घेतले काय? तो संघही दहाच नावे देतो, म्हणून त्याची यादी अकादमीच्या यादीशी बरीच जुळते. आणि अखेरचा प्रश्न: महिने उलटल्यावरही लोक त्याबद्दल बोलत आहेत काय? ‘टॉप गन: मॅव्हरिक’ मे महिन्यात आला, ‘ओपनहायमर’ जुलैत, ‘ब्लॅक पँथर’ तर फेब्रुवारीत; मतदानापर्यंत त्यांचा विसर पडला नाही.

या सर्वांची उत्तरे होकारार्थी आली तर मुख्य विभागाचे भाकीत निर्धास्तपणे करावे. दोन-तीनच आली तर कसबाच्या विभागांवर समाधान मानावे. दिग्दर्शकाच्या बाबतीत मात्र हात राखूनच बोलावे; तेथे ‘द डार्क नाइट’सारखे भले भले फसले आहेत. ‘टायटॅनिक’ने १९९७ साली आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या तिसऱ्या भागाने २००३ साली गर्दी आणि मान दोन्ही भरभरून मिळविले, प्रत्येकी अकरा पारितोषिके! पण असा योग क्वचितच येतो.

यादी जाहीर झाल्यावर आपल्या आवडत्या चित्रपटाचे नाव त्यात नसेल तर घरातल्या मुलांनी हिरमुसून जाण्याचे कारण नाही, हे त्यांना समजावून सांगणे आपले काम आहे. ‘ई. टी.’ पाहून डोळे पुसणाऱ्या मुलाचे रडणे ‘गांधी’च्या विजयाने खोटे ठरले नाही आणि ‘सालाह शबाती’वर हसलेल्या कुटुंबांना समीक्षकांच्या परवानगीची गरज पडली नव्हती. कारागिरांचा कौल कुतूहलाने ऐकावा, त्यावर हौसेने पैज लावावी, जिंकल्यास शेजाऱ्यांना चहा पाजावा. आपल्या मनाचा कौल मात्र आपण चित्रपटगृहातून बाहेर पडतानाच दिलेला असतो; त्यावर शिक्कामोर्तब करण्यासाठी जानेवारीची वाट पाहावी लागत नाही.